मनगटाच्या वरची कातडी

बावीस बायकांच्या चव्वेचाळीस गालांचे फोटो मी तीन दिवस बघत होते, आणि एकाही बाईचा उजवा गाल डाव्यापेक्षा बरा दिसत नव्हता. दिसायला हवा होता. सहा महिने त्यांनी उजव्या अर्ध्या चेहऱ्याला सनस्क्रीन लावलं होतं, डाव्याला काहीच नाही. त्वचारोगाच्या एम.डी.साठी माझा प्रबंधच तो होता: उन्हात भांगलण, म्हणजे खुरपणी, करणाऱ्या बायकांचा चेहरा वयाआधी का म्हातारा होतो, आणि ते थोपवता येतं का. एकाच बाईचे दोन गाल घेतले की वय तेच, खाणंपिणं तेच, घरातली कटकटसुद्धा तीच. फरक उरतो तो फक्त क्रीमचा. इतकी सरळ गोष्ट.

रिकाम्या ट्यूबा परत मागवून मी त्यांचं वजनही केलं होतं. जेवढी क्रीम संपायला हवी तेवढी बरोबर संपली होती. म्हणजे बायकांनी ती लावली होती. मग तिचा गुण गेला कुठे?

"फरक आढळला नाही, असं लिही आणि मोकळी हो," संयोगिता मॅडम म्हणाल्या. त्या माझ्या गाईड. बाई प्रेमळ आहेत, पण प्रत्येक गोष्ट तारखेला झाली पाहिजे या मताच्या. "नकारार्थी निष्कर्षावरही प्रबंध पास होतो. पंधरा तारीख चुकली तर तुझी परीक्षा सहा महिने पुढे जाईल. हट्ट करू नकोस, दीक्षा."

हट्ट करू नकोस हे मला पहिलीपासून प्रत्येक बाईंनी सांगून पाहिलेलं आहे.

'फरक नाही' हे दोन शब्द लिहायला काय लागतं? पण उद्या ते कुणीतरी वाचणार आणि म्हणणार, बघा, शेतातल्या बायकांना असल्या गोष्टींचा उपयोग नसतो, त्यांची कातडीच तसली. 'कातडीच तसली' हे मी लहानपणापासून ऐकत आले. माझी आई, पारूबाई, फलटणजवळच्या आमच्या गावात तीस वर्षं दुसऱ्यांच्या उसात भांगलत आली. वय एक्कावन्न. दिसते सत्तरीची. तिच्या चेहऱ्याचं हे जन्मानं झालं नाही, उन्हानं झालंय, हे मला कागदावर सिद्ध करून हवं होतं. त्यासाठीच तर मी हा विषय घेतला होता. असल्या विषयावर पुढे दवाखाना चालत नाही, हे मला चार जणांनी सांगूनही.

पंधरा तारखेला नऊ दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी शिराळ्याकडे, त्या बावीस बायकांच्या गावी निघाले.

गावच्या फाट्यावर क्रांती उभी होती. ती तिथली आशा सेविका. दर महिन्याला माझ्या वतीने ट्यूबा वाटायचं काम तीच करायची. आम्ही दोघी बांधावरून चालत उसात गेलो. गुडघ्याएवढ्या उसात बायका ओळीनं बसून खुरप्यानं तण काढत होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे बनूमावशी. वय बासष्ट, नवरा मिल्ट्रीतून रिटायर झालेला, आणि टोळीत शब्द तिचाच चालायचा.

"मावशी, क्रीम कुठल्या गालाला लावत होता?"

"आवं, तुमीच सांगितल्यालं की. उजव्या."

"रोज?"

"रोज. पयला म्हैनाभर."

"आणि दुसऱ्या महिन्यात?"

"दुसऱ्या म्हैन्यात डाव्या. मग परत उजव्या. आमुशाला पाळी बदलायची. आमुशाला कामाला सुट्टी आस्ती, ध्येनात ऱ्हातंय."

मी क्रांतीकडे बघितलं. तिने दोन्ही हात वर केले. तिलाही कुणी बोललं नव्हतं.

"असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायचं काय त्यात? नदीचं पानी कसं येतंय? पाळीनं. वरच्या रानाचं झालं की खालच्या रानाला. येकट्यानंच पानी वडलं तर खून पडतील हितं." तिने तणाचा एक झुबका उपटून मागे टाकला. "उजवा गाल बागायत आन् डावा जिरायत, आसं कुटं आस्तंय व्हय?"

सगळी ओळ हसली. मी कपाळाला हात लावला. सहा महिने दोन्ही गालांना अगदी सारखं, न्यायानं, अमावास्या ते अमावास्या क्रीम मिळाली होती. एकीनंही लबाडी केली नव्हती. म्हणूनच फरक दिसत नव्हता.

मी चिडले, चांगलीच चिडले. अभ्यास म्हणजे काय, सांगितलेलं का पाळायचं असतं, माझी परीक्षा कशी हातची जाणार, सगळं मी तिथं उभी राहून सुनावलं. बनूमावशीनं खुरपं खाली ठेवून ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येक इचारू का पोरी? क्रीमचा फायदा हुतोय, ह्ये तुला आदी ठावं हुतं का न्हवतं?"

"बरंचसं माहीत होतं."

"मग आमचा डावा गाल उनात टाकायला का सांगितलंस गं?"

कॉलेजच्या समितीची मंजुरी होती माझ्याकडे. बावीस संमतीपत्रं होती, त्यावर सह्या आणि अंगठे होते. तरीही मला लाज वाटली. आईचा चेहरा उन्हानं खाल्ला म्हणून पेटून उठलेली मी, आणि बावीस बायकांचा अर्धा चेहरा त्याच उन्हाला देऊन बसले होते.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "आजपासून दोन्ही गालांना लावायचं, रोज. क्रीम मी पुरवते."

"बास. आता पानी पी," ती म्हणाली, आणि कळशीतलं पाणी ओतून घेऊन स्वतः हात धुवायला बसली. बहुतेक बायकांसारखा तिच्याही अंगात लुगड्यावर पुरुषाचा शर्ट होता. तिने बाही वर सारली आणि माझा तांब्या तोंडापाशीच राहिला.

मनगटावर एक रेघ होती. रेघेच्या खाली काळपट, सुरकुतलेली, डागांनी भरलेली कातडी. रेघेच्या वर मऊ, ताणलेली, एकसारख्या रंगाची. मी तिचा हात ओढूनच घेतला. वरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर बसली. खालची तशीच उभी राहिली.

"शर्ट कधीपासून घालता?"

"लगीन झाल्यापास्नं. मालक सुट्टीला आलं की जुनं शर्ट टाकून जायचं."

पिशवीत कातडी मोठी करून दाखवणारं यंत्र होतं. ते मोबाइलला लावून मी दोन फोटो काढले आणि तिच्यापुढे धरले.

"ह्यो कुनाचा हात?"

"तुमचाच. मनगटाच्या वरचा."

"आन् ह्यो?"

"हाही तुमचाच."

मी तिला सांगितलं, आपली कातडी आतून बारीक धाग्यांनी ताणून धरलेली असते. उन्हातले किरण आत शिरून ते धागे तोडत राहतात, वर्षानुवर्षं. क्रीम ते किरण अडवते, पण घामानं निघून जाते, दर दोन तासांनी पुन्हा लावावी लागते. कापड काही घामानं निघून जात नाही.

बनूमावशीनं बाहीआडची कातडी बोटानं चाचपली. "बासष्ट वर्सं झाली," ती म्हणाली, "आन् मी आजून हितं आत तशीच हाय म्हना की." मग डोळ्याला बाही लावून तिने बाकीच्यांना हाक मारली.

दुपारपर्यंत मी बावीस जणींचे हात बघितले. सतरा जणींच्या मनगटावर ती रेघ होती. पाच जणी शर्ट न घालता नुसत्या पोलक्यावर काम करायच्या, त्यांना रेघ नव्हती. कोपरापासून बोटापर्यंत सगळं सारखंच जळलेलं.

परतल्यावर मी मॅडमना म्हणाले, आता क्रीम नको, शर्टाच्या बाहीवर अभ्यास करते. त्यांनी हातांचे फोटो बघितले, पुन्हा पहिल्यापासून बघितले.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण नवा विषय, नवी मंजुरी, नवी मोजणी. पंधरा तारीख विसर."

"विसरले."

"आणि जुन्या कामाचं काय?"

"जसं झालं तसं लिहून देते, पाळीसकट. फरक नाही असं नाही लिहिणार मॅडम. तो मी तपासलाच नाही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्यांनी मुदतवाढीचा कोरा अर्ज काढून माझ्यापुढे सरकवला. माझ्याबरोबरचे सगळे उन्हाळ्यात पास होऊन स्वतःच्या पाट्या लावणार आणि मी तिथंच राहणार, याचं वाईट वाटलं. खूप वाटलं. तरीही मी सही केली.

नव्या अभ्यासासाठी मी प्रश्नांचा फॉर्म तयार केला. किती वर्षं भांगलता, दिवसाचे किती तास, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालता का, घालत नसल्यास का. प्रश्न बायकांना नीट कळतात का, हे आधी कुणावर तरी तपासायला हवं. शनिवारी मी घरी गेले आणि आईलाच समोर बसवलं. ती दारात लसूण सोलत होती.

"किती वर्षं भांगलतेस?"

"तीस. तुला ठावं हाय की."

"फॉर्म आहे आई, विचारावं लागतं. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट?"

"न्हाई."

"का?"

"लिव्ह, आवडत न्हाई म्हून."

"खरं सांग. खोटं लिहिलेलं मला चालत नाही."

आईनं पाकळीचं साल काढलं, पाकळी ताटलीत टाकली. "तुज्या बापाला दोन शर्ट. येक आंगात, येक दोरीवर. त्यातला म्या घालू?"

"एखादा विकत घ्यायचा."

"घ्यायचा हुता येका साली. फलटनच्या बाजारात हातात धरल्याला. पांढरा, निळ्या रेघांचा. त्याच साली तुज्या शाळंतल्या बाई म्हनल्या, गनवेश दोन पायजेत. येकच आसला की धुतल्या दिवशी पोरगी घरी बस्ती." तिने पुढची पाकळी उचलली. "मग त्या पैशात दुसरा गनवेश घ्येतला. तू येक बी दिस घरी बसली न्हाईस."

मी तिचा हात हातात घेतला. रेघ कुठंच नव्हती. यंत्र पिशवीतच होतं, ते मला बाहेर काढवलं नाही.

"रडायला काय झालं?" आई म्हणाली. "लिव्ह की."

मी लिहिलं. तिने सांगितलं तसंच, शब्दही न बदलता. नात्यातली बाई अभ्यासात धरता येत नाही, त्यामुळे हा फॉर्म मोजणीत कधीच येणार नाही. शेवटच्या प्रश्नापुढे मी एकच ओळ सोडली होती. आईचं उत्तर त्या ओळीत मावलं नाही, समासातून वर चढलं आणि मागच्या कोऱ्या पानावर गेलं.

सोमवारी फॉर्म छापायला देण्याआधी मी त्या 'का'च्या खाली दहा ओळी वाढवल्या.