अर्ध्या सेंटाची जागा

“थांब गं जरा, मंगळवारी उतरतो तिकिटाचा भाव,” कॉम्प्युटरवरून नजर न काढता एल्रॉय सोब्चाक म्हणाला.

“मागच्या मंगळवारीही उतरणार होता,” आर्लीन म्हणाली. ती बटाट्यांवर चीज किसत होती आणि किसणीकडे न बघता जरा बाजूला, खिडकीकडे बघत होती. अलीकडे तिला तसंच बघावं लागे. नजरेच्या मधोमध करडा डाग धरला होता. कडेकडेनं दिसायचं, समोरचं नाही. उजवा डोळा गेल्यातच जमा होता आणि डाव्याचं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, फार तर उन्हाळ्यापर्यंत. त्याआधी तिला आयडाहोतल्या बॉइसीला जाऊन लोरेनला, धाकट्या बहिणीला, बघायचं होतं. फोनवर दोघी रोज बोलायच्या, पण बघायचं म्हणजे बघायचं.

आता यात अडचण कसली, असं कुणीही विचारेल. पैसे होते, बहीण होती, विमानही होतं. अडचण होती ती एल्रॉयच्या पॉइंटांची. एकतीस वर्षं या माणसानं गाईंचं दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली. विस्कॉन्सिनातल्या आपल्या लहानशा गावातून कधी टेक्सास, कधी कॅलिफोर्निया. तिकिटं कंपनीची, पण दर फेरीमागे विमानवाले फुकट तिकिटासाठी देत ते पॉइंट याचे. चार लाख बारा हजार साठले होते आणि त्यातला एक खर्चला असेल तर शपथ! दर शुक्रवारी सपर क्लबात, म्हणजे गावातल्या जेवणाच्या हॉटेलात, तळलेल्या माशांवर चार निवृत्त फिरस्त्यांचं टेबल बसे आणि बिअर यायच्या आत त्यातला गॉर्डी विचारे, “बोला, किती सुटला?” म्हणजे एका पॉइंटामागे किती सेंटांचं तिकीट पदरात पडलं. स्वस्त तिकीट रोखीनं, महाग तिकीट पॉइंटांनी, आणि दीड सेंटाखाली पॉइंट मोडायचा नाही, हा त्या टेबलाचा धर्म. एकदा मर्लनं पाऊण सेंटाला मोडले, तर बिचाऱ्याला वर्षभर सगळे ‘पाऊण’ म्हणूनच हाक मारत.

बॉइसीचं तिकीट होतं चारशे दहा डॉलर. पॉइंटांत मागत होते नव्वद हजार. तो आकडा बघितला की एल्रॉय कॉम्प्युटरच बंद करी. “एक तर रोख अडीचशेवर येऊ दे, नाहीतर पॉइंट पंचवीस हजारांवर,” असं म्हणत त्यानं फेब्रुवारी घालवला, मार्च घालवला. भाव जागचा हलेना. हलत होता तो आर्लीनच्या डोळ्यातला डाग.

एप्रिलात एका सकाळी ती कॉफी घेऊन त्याच्यासमोर बसली.

“मी तिकीट काढलं. फोन केला, पलीकडच्या बाईनं काढून दिलं. एकवीस तारखेचं.”

“कितीला?”

“चारशे दहा.”

“रोख? अगं, दोन आठवडे थांबली असतीस तर...”

“माझे आहेत. शाळेत मुलांना जेवणं वाढून मिळवलेले.”

“आणि माझं?”

“एकच काढलं.”

एल्रॉय खुर्चीत मागे टेकला. ही बाई जन्मात विमानात बसली नव्हती. कायम हा जायचा आणि ती दारात उभी राहून हात हलवायची.

“एकटी कशी जाशील? मिनिआपोलिसला विमान बदलायचंय. पाट्या कशा वाचशील?”

“विचारीन कुणाला तरी. डोळे गेलेत, तोंड शाबूत आहे माझं.”

“बरं बाई, मीही काढतो. रोखीनंच काढतो. या भावात पॉइंट मोडायचे म्हणजे शुद्ध...”

“रोखीनं काढणार असशील तर येऊ नकोस.”

तिनं मान त्याच्याकडे वळवली. नजर त्याच्या कानाजवळून पलीकडे गेली.

“ते पॉइंट कुठून आले, ठाऊक आहे? तू घरी नसलेल्या दिवसांतून आले. आपल्या पोराला, डेनिसला, कांजिण्या झाल्या तेव्हा तू फ्रेस्नोला. माझी आई गेली तेव्हा तू लबकला. तू हिंडलास म्हणून ते तुझे, तर मी एकटी बसले म्हणून माझेसुद्धा. मोठ्या प्रवासाला ठेवलेत म्हणतोस. अरे, हाच माझा मोठा प्रवास! नाकापेक्षा मोती जड करून ठेवलायस तू.”

एल्रॉयला ते फार लागलं. टोपी घालून तो गॅरेजात गेला, चांगले लावलेले पाने काढून पुन्हा लावले. तासाभरानं येऊन कॉम्प्युटरपुढे बसला. नव्वद हजार. खोटं कशाला सांगा, बटण दाबताना त्यानं डोळे मिटून घेतले.

शुक्रवारी गॉर्डीनं नेहमीसारखं विचारलं, “बोला, किती सुटला?”

“अर्धा सेंटसुद्धा नाही,” एल्रॉय म्हणाला.

“अरे देवा!” मर्लचा काटा हातातच राहिला. “माझ्यापेक्षा ढ निघालास की! डोकंबिकं फिरलं का?”

“आर्लीनबरोबर चाललोय. बॉइसीला.”

गॉर्डीची बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याच्या खात्यात सात लाख पॉइंट तसेच पडून होते. त्यानं ताटातलं लिंबू पिळलं, पुन्हा पिळलं. मग वाढणाऱ्या बाईला हात केला.

“याची बिअर आज माझ्याकडून,” तो म्हणाला. “आणि याला काही नाव ठेवायचं नाही.”

विमानात खिडकी आर्लीनला मिळाली होती. एल्रॉयनं एकतीस वर्षं वाटेकडची जागा धरली होती, पटकन उतरता यावं म्हणून. खाली काय आहे ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं. आयडाहो आलं, विमान उतरू लागलं तशी आर्लीननं कपाळ काचेला लावलं आणि मान तिरकी केली.

“खाली हिरवं गोल गोल आहे ना रे?”

“हो. पाण्याचा पाइप मधल्या खुंटाभोवती फिरतो, म्हणून शेतं गोल.”

“कडा दिसतात मला. किती छान आहेत रे! पण मधे काय आहे?”

एल्रॉय तिच्यावरून वाकला. त्याचा गाल तिच्या गालाला लागला.

“गोठा आहे. लांब, पांढऱ्या छपराचा. शेजारी चाऱ्याची दोन उंच कोठारं.”

“आणि?”

“घर आहे. दारात गाडी उभी आहे.”

“म्हणजे घरचा माणूस घरी आहे,” आर्लीन म्हणाली आणि तिनं चाचपडत त्याचा हात धरला.