पाचापर्यंत मोजायचं

लिफ्ट अडकली की आतला माणूस घाबरतो. म्हणून सुटका होईपर्यंत मेकॅनिकने बाहेरून एकसारखं बोलत राहायचं, त्याला तोंड उघडू द्यायचं नाही; तो बोलायला लागला की रडायलाच लागतो. सव्वीस वर्षं आमच्या ह्यांनी हे इमानेइतबारे केलं आणि ती सवय घरीही आणली. "चहा घेतेस? नको, आत्ताच घेतला असशील," असं माझं उत्तरही स्वतःच देऊन मोकळे!

एक्कावन्नाव्या वर्षी ह्यांच्यावर इंग्रजी बोलायची वेळ आली. कंपनीने परदेशी लिफ्ट आणल्या, सुपरवायझरला तिकडच्या इंजिनियरशी फोनवर बोलावं लागणार होतं. गुरुवारी दहा मिनिटांची तोंडी परीक्षा. पास झाले तर सुपरवायझरची टेबलखुर्ची, नाहीतर पुन्हा शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वरखाली होते त्या पोकळीत लोंबकळणं. ह्यांच्या गुडघ्यांनी तर केव्हाच हात टेकले होते.

ह्यांनी इंग्रजीचा क्लास लावला. तिथल्या बाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. 'पेपर' म्हणताना तोंडासमोर धरलेला कागद हलला पाहिजे, असं त्यांनी शिकवलं. ह्यांनी इतका जोर लावला की कागद माझ्या चहात पडला. शिवाय घरच्या माणसाशी रोज दहा मिनिटं इंग्रजीत बोलून ते रेकॉर्ड करायचं होतं. घरचं माणूस म्हणजे मीच. शाळेतलं मोडकंतोडकं इंग्रजी घेऊन मी प्रश्न विचारायची.

परीक्षेआधीच्या शनिवारी बाईंनी ते रेकॉर्डिंग ऐकलं. त्या काय म्हणाल्या ते ह्यांनी घरी येऊन पडल्या चेहऱ्याने सांगितलं. "उच्चार सुधारलेत. पण मिसेसचा एक तरी प्रश्न पुरा होऊ दिलात का? हे बोलणं नाही, लिफ्टमधून माणूस काढणं चाललंय. आता तुम्ही विचारा, आणि विचारलं की मनात पाचापर्यंत मोजा."

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात फोन मध्ये ठेवून ह्यांनी इंग्रजीत विचारलं, "मी कामावर गेल्यावर तू काय करतेस?" आणि टेबलावर एकेक बोट टेकवत मोजायला लागले. मला हसू आलं. मराठीत विचारलं असतं तर "काय करणार, घरातलीच कामं," म्हणून मी विषय झटकला असता. पण थापा मारायलाही भाषा यावी लागते. जे चार शब्द येत होते तेच बाहेर पडले. "आय वेट. फोन रिंग्ज, आय फिअर. एव्हरी डे."

पाचही बोटं टेकून झाली, तरी ह्यांनी हात टेबलावरून उचलला नाही.

"कधी बोलली नाहीस," शेवटी मराठीत म्हणाले.

माझा पारा चढला. "कधी बोलायचं? 'काळजी करू नकोस' म्हणत तुम्ही डबा उचलून जिन्यात!"

त्या दिवशीचं रेकॉर्डिंग बाईंपर्यंत गेलंच नाही.

गुरुवारी हे नापास झाले. उत्तर देण्याआधीही ते पाचापर्यंत मोजत होते! परीक्षकाला वाटलं, ह्यांना प्रश्नच कळत नाहीत. ऐकून मी पोट धरून हसले, हेही हसले. मग दोघांनाही एकदमच आठवलं, सोमवारपासून पुन्हा शाफ्ट; आणि हसणं तिथेच थांबलं.

शुक्रवारी हे भरदुपारीच घरी आले. कंपनीच्या तळमजल्यावर सुट्या भागांचं स्टोअर आहे. तिथे ना इंग्रजी लागतं, ना चढउतार. त्या जागेला हे आजवर 'पेन्शनरांचा बाक' म्हणून हिणवत आले होते. वर शाफ्टमध्ये नवे मेकॅनिक ह्यांना गुरुजी म्हणतात. स्टोअरमध्ये कोण कशाला म्हणेल?

"साहेबांशी बोलून आलोय," दारातूनच म्हणाले. "स्टोअरची जागा रिकामी आहे. घेऊ का?"

आता स्वतःच उत्तर देतील, म्हणून मी वाट पाहिली. ते तसेच उभे राहिले, पायातले बूटही न काढता. एवढी वर्षं उत्तर मनात तयार होतं, पण 'घ्या' म्हणायच्या आधी मला ते 'गुरुजी' आठवलं. ते थांबले.