पुडीचं विरजण

डॉक्टरांच्या वजनकाट्याची रुक्मिणीबाईंना जेवढी धास्ती होती, तेवढी कधी सासूचीही नव्हती. दीड वर्षाची नात स्वरूपा जुलाबातून उठली खरी, पण वजन काही वाढेना. शेवटी सुनेनं, तनुजानं, सांगून टाकलं, "आत्या, या खेपेला वजन वाढलं न्हाई तर मी कंपनी सोडते."

चाकणच्या कंपनीतली नोकरी तनुजा केवढ्या हौसेनं करायची! ती सुटणार, तीही आपल्याच्यानं पोर सांभाळवली नाही म्हणून, हे म्हातारीच्या फार जिव्हारी लागलं.

पोट सावरायला डॉक्टरांनी पुड्या दिल्या होत्या. "दह्यात असतात तसे चांगले जंतू आहेत यात. रोज एक, गार दुधातून पाजा." पण चमचा दिसला की स्वरूपा सगळं आजीच्या पदरावर फवारायची. मग रुक्मिणीबाईंनी डोकं लढवलं. जंतू दह्यातलेच ना? मग पुडी सरळ विरजणाबरोबर दुधात! एका पुडीत अख्खं घर धष्टपुष्ट. याचा त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही.

दही झकास लागलं. पण वाटी दिसली की पोरगी धूम ठोकायची. आजोबा चिमाजी मात्र दही-भाकरी कुस्करायला बसले की आपणहून त्यांच्या मांडीवर चढायची आणि त्यांच्याच ताटातले घास ओढायची. नातीला साथ म्हणून चिमाजीही एक भाकरी जास्त घ्यायचे.

वजनाचा दिवस आला. तनुजानं श्वास रोखून पोरीला काट्यावर बसवलं. वजन वाढलं होतं, चांगलं वाढलं होतं! तनुजाचे डोळे भरून आले. चिमाजी हौसेनं मोठ्या काट्यावर चढले, तर तेही वधारलेले.

"पुड्यांचा गुण आला, डॉक्टर!" ते म्हणाले.

आता रुक्मिणीबाईंना गप्प बसवेना. "त्या म्या इरजणात घातल्या. समद्यांनीच खाल्ल्या."

डॉक्टर पोट धरून हसले. "आजी, औषध असं घरभर वाटू नका हो. पण वजन पुडीनं नाही वाढलं. पोर पोटभर जेवली, म्हणून वाढलं. तिला भरवतं कोण?"

"भरवत कुनीच न्हाई. आज्याच्या ताटात जेवती."

"मग तिला तिथंच जेवू द्या."

रुक्मिणीबाई मान खाली घालून बाहेर आल्या. आता सून काय बोलते, याचीच त्यांना धाकधूक. तनुजानं पोरीला त्यांच्या कडेवर दिलं.

"आत्या, उद्या माझी फर्स्ट शिफ्ट हाय. हिला सांभाळा. आन् माझ्या डब्यात दही घाला."

"घालते की," रुक्मिणीबाई डोळे पुसत हसल्या. "बिनपुडीचं!"