पाय घडवणाऱ्या बाईंचे प्रोफाइल

मित्रांनो, मला वजन नाही आणि माझा रंगही उडत नाही, तरी वयाने मी चांगलेच जुने आहे. नोकरी-व्यवसायातली माणसे इंटरनेटवर ज्या पानावरून एकमेकांना ओळखतात, तसे मी एक पान. लोक मला प्रोफाइल म्हणतात. माझ्या मालकीणबाई कृत्रिम पाय घडवतात, आणि हे सांगताना माझी मान आजही ताठ होते.

माझा जन्म मात्र घाईघाईत झाला. कॉलेजात सगळेच करत होते, म्हणून बाईंनीही मला तयार केले. कुणाच्या तरी लग्नातला स्वतःचा फोटो कापून चिकटवला, ‘मेहनती, प्रामाणिक, कोणतेही काम करण्यास तयार’ असे लिहिले. स्वतःच्या लग्नानंतर एकदा जोडीच्या फोटोतून स्वतःला कापून तेवढा फोटो बदलला आणि मग माझ्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. ओळखीतून त्यांना एका रुग्णालयाच्या कार्यशाळेत नोकरी लागली. तिथे त्या प्लॅस्टरचे साचे घेत, पाय घडवत, माणसांना त्यांवर उभे करत. मला याचा पत्ताच नव्हता! माझ्या लेखी त्या अजून कॉलेजातच होत्या.

पुढे सासरे अंथरुणाला खिळले आणि बाईंनी नोकरी सोडली. ते गेल्यावर त्या कामावर परत निघाल्या, तर कार्यशाळा बंद झालेली. त्यांनी ठिकठिकाणी अर्ज केले, पण कुणी साधे उत्तरही देईना. इतक्या वर्षांनी मला कोण घेणार, असे त्या घरात बोलू लागल्या.

एका रविवारी दुपारी नणंद आली. ती एका कंपनीत नोकरीसाठी माणसे निवडते. जेवणाचे टेबल पुसून तिने लॅपटॉप ठेवला आणि मला उघडले.

“वहिनी, हा खांद्यावरचा हात कुणाचा गं?”

“तुझ्या दादाचा. फोटो कापताना राहून गेला.”

“मग त्यालाही नोकरी हवीये का?”

दोघी पोट धरून हसल्या. मग नणंदेने विचारले, “आता सांग, तू काय करतेस?”

“पाय बनवते.”

“मग तेच लिही की! कोणतंही काम करीन म्हणणाऱ्याला नेमकं कशाला बोलवायचं, तेच आम्हाला कळत नाही. मी वरच्या दोन ओळी वाचते आणि पुढे जाते.”

मित्रांनो, त्या दिवशी माझा कायापालट झाला. माझ्या माथ्यावर ओळ आली, ‘कृत्रिम पाय घडवते व बसवते, लहान मुलांच्या पायांचा विशेष अनुभव.’ नवा फोटो आला, कामाच्या एप्रनमधला, एकट्या बाईंचा. मधल्या वर्षांबद्दलही त्यांनी सरळ लिहिले, ‘सासऱ्यांच्या शुश्रूषेसाठी नोकरीतून बाहेर होते. आता पूर्णवेळ परतत आहे.’

इतक्यात दादा चहाचा कप घेऊन डोकावले. “विभागप्रमुख होतीस असं टाक ना. कार्यशाळाच बंद झाली, विचारायला कोण येतंय?”

बाईंनी तेही टाकले. मला ते पद दुसऱ्याच्या कोटासारखे ढगळ होत होते, पण मी कुणाला सांगणार?

“आता जुन्या सरांना शिफारस लिहायला सांग,” नणंद म्हणाली.

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. “विभागप्रमुख तर तेच होते. त्यांचीच खुर्ची पळवून त्यांच्याकडेच शिफारस मागू?” त्यांनी ते पद पुसून टाकले. मला हायसे वाटले.

सरांनी मनापासून लिहिले, ‘ही बाई मुलाला आधी खेळताना बघते, मग माप घेते. तिने घडवलेल्या पायावर एक मुलगी आमच्या दारातून दोरीच्या उड्या मारत बाहेर पडली.’

त्यानंतर बाई नुसते बटण दाबून ओळखी जोडत बसल्या नाहीत. प्रत्येकाला दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहीत. मुलांना चालायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांशी त्यांच्या कामाबद्दल बोलत. त्यांतल्याच एकीने माझे पान आपल्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंना दाखवले आणि बोलावणे आले.

स्क्रीनवर मुलाखत झाली. डॉक्टरबाईंनी विचारले, “मधे बरीच वर्षं गेली. हाताची सवय सुटली असेल?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “ते बोलून नाही कळायचं. एक दिवस तुमच्या कार्यशाळेत काम करू द्या, मग ठरवा.”

त्या गेल्या. तिथे नवा पाय घालायलाच तयार नसलेली एक छोटी मुलगी होती. बाई तिच्याशी जमिनीवर बसून खेळल्या, पाय कुठे टोचतो ते तिच्याकडूनच काढून घेतले, तेवढी कड घासून दिली. मुलगी तो पाय घालून उठली आणि आईकडे न जाता खिडकीकडे चालत गेली. संध्याकाळी बाईंनी माझ्यावर नव्या नोकरीची ओळ लिहिली. एवढी दिमाखदार ओळ माझ्या अंगावर कधीच चढली नव्हती.

आता त्या माझी नियमित विचारपूस करतात. परवाच एका अनोळखी विद्यार्थिनीने विचारले, “हे काम कुठे शिकता येईल?” बाईंनी लगेच लिहिले, “ये, आधी कार्यशाळा दाखवते.”

मित्रांनो, उद्या तुमचेही असे एक पान तयार होईल. त्याला वाऱ्यावर सोडू नका, आणि उसन्या मोठेपणाने फुगवूही नका. तुमच्या आधी तेच दारात जाऊन उभे राहते. मागून तुम्ही पोहोचाल, तेव्हा दार उघडणाऱ्याला तोच माणूस दिसला पाहिजे.