खडकाळ माळाचं मिश्रण

सकाळपासून पुतणीचा पाय एका जागी ठरत नव्हता. पिंपांच्या खोलीत ती येरझारा घालत होती, धुतलेले ग्लास पुन्हा धूत होती आणि काकांची वाट बघत स्वतःवरच चिडत होती. आज यंदाच्या वाइनचं मिश्रण ठरायचं होतं. शिवाय दुसऱ्या एका मोठ्या वाइन कारखान्याचं तिला नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आजही काकांनी तिचं मत विचारलं नाही, तर इथला मुक्काम हलवायचा, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

त्यांची वाइन गोडगोजिरी कधीच नव्हती. वरच्या माळावर माती नावालाच. कुदळ मारली की ठिणगी उडायची. तिथली वेल खडकाच्या भेगांत मुळं खुपसून कसाबसा जीव धरायची आणि बारीक, जाड सालीची मूठभर द्राक्षं द्यायची. त्यांच्या वाइनला मिरीची, धुराची, मिठात मुरलेल्या ऑलिव्हची चव. पाहुणे पहिल्या घोटाला तोंड वाकडं करत आणि दुसऱ्याला जेवायला मागत. खालच्या सपाट मळ्यातली वाइन मात्र भलतीच लाघवी. दोघींचा मेळ कसा घालायचा, सगळी मेख तिथंच होती.

पूर्वी काका-पुतणी एकदमच चाखत. काकांच्या मोठ्या आजारपणानंतर मात्र त्यांनी नवं टुमणं काढलं, "आधी तू, मग मी." ती घोट घोळवून थुंकायची आणि काका समोरच्या स्टुलावरून तिच्याकडे टक लावून बघायचे. बोलायचं कुणीच नाही. मग ते स्वतः चाखून निकाल द्यायचे. इतकं काम करूनही ही परीक्षा! तिच्या अगदी डोक्यात जायचं ते.

म्हणून आज तिनं खोडी काढायची ठरवली. पहिल्या ग्लासात माळाची वाइन भरपूर, म्हणजे तिच्या मते खरं मिश्रण. दुसऱ्यात निम्मी. तिसऱ्यात नुसती सपाट मळ्याची. पहिल्याला नाक मुरडायचं, तिसऱ्याला खुलायचं. काका झापतील, आपण उलट बोलू आणि एकदाचं भांडून मोकळं होऊ.

काका आले, स्टुलावर टेकले. "हं, कर सुरुवात."

पहिल्या घोटाला तिनं कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्याला खांदे उडवले. तिसऱ्याला डोळे मिटून मान डोलावली. जरा जास्तच झालं, असं तिचं तिलाच वाटलं.

काकांनी तिन्ही ग्लास चाखले. "तिसरा," ते ठामपणे म्हणाले. "माळाचा खडक कसा उतरलाय बघ यात!"

तिचा भांडणाचा सगळा आवेश कुठल्या कुठे गेला.

"काका, तिसऱ्यात माळाचा थेंबही नाही."

काकांनी ग्लास हळूच खाली ठेवला.

"कधीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"त्या आजारपणापासून. आधी वास गेला, मागोमाग चव. काकूलाही ठाऊक नाही. तिनं भाजी करपवली तरी मी वाहवा करतो."

"मग निकाल कसे देत होतात?"

"तुझ्या तोंडाकडे बघून. ते आजवर कधी खोटं बोललं नव्हतं गं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांनी वाखाणलेली आजारपणानंतरची सगळी मिश्रणं तिचीच होती, आणि तिलाच त्याचा पत्ता नव्हता.

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, तर माझ्यासाठी इथंच अडकून पडली असतीस. तुला बोलावणं आलंय ना? खुशाल जा. मी काकूला बसवीन चाखायला. तिचं तोंड सगळ्याच वाइनींना वाकडं होतं, तेवढं सांभाळून घेईन."

ती रडता रडता फिसकन हसली. "जाईन. पण तिथले लोक मला दरवर्षी मिश्रणाला इथं येऊ देणार असतील, तरच."

तिनं पहिला ग्लास काकांपुढे सरकवला. काकांनी घोट तोंडात घेतला, गिळला आणि जरा ओशाळून विचारलं, "कसा झालाय गं?"

तिनं स्टूल जवळ ओढलं आणि सांगायला सुरुवात केली.