सागर किनारा चहाघर

"दीपमाळंचा पायथा कोरडा पडला, की पयला दिवा आपल्या घरचा. इसरू नगंस चांगुणे. तूच जा. छबूला त्यातलं काई उमगत न्हाई."

आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, हा आवाज अजून कानात आहे. त्या साली दुष्काळ होता. धरणाचा फुगवटा पार ओसरला होता आणि बुडालेल्या जुन्या गावातली मारुतीची दीपमाळ बुडापर्यंत उघडी पडली होती. पण आत्याबाई अंथरुणाला खिळलेल्या, मी त्यांच्या उशाशी. दिवा राहून गेला. मग त्या गेल्या, पाऊस आला, पाणी चढलं. त्यांच्या दहाव्याला मी चहा सोडला. पायथ्याशी दिवा लावीन तेव्हाच कप तोंडाला लावीन, असं बोलून बसले. तेव्हापासून रोज अंघोळ झाली की काठाला जायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, देवा, दीपमाळेच्या पायथ्याला एकदा पाय टेकू दे.

आठ वर्षं दीपमाळेचं टोकसुद्धा दिसलं नाही.

त्याच भरवशावर थोरल्या जाऊबाई छबूबाईंच्या मुलानं, गोरक्षनं, काठावर चहाचं दुकान टाकलं. फुगवट्याचा पल्याडचा काठ दिसत नाही, म्हणून आमच्याकडं त्याला समिंदरच म्हणतात. सुटीला शेवगावची, नगरची माणसं गाड्या काढून बघायला यायची. पाणी हटलं की गाळात कलिंगडं लावायची, हा गोरक्षचा दरसालचा धंदा. यंदा त्यानं ती गाळपेर शेजारच्या मच्छिंद्रला देऊन टाकली आणि दिवाळीपासून पत्रे, बाकडी, शेगड्या जमवल्या. गुढीपाडव्याला दुकान उघडलं. पाटी लावली: सागर किनारा चहाघर. तेव्हा बाकड्यावर बसून खडा टाकला तर पाण्यात पडायचा.

त्या दिवशी मी नारळ घेऊन गेले, पण चहा घेतला नाही. छबूबाईंचं तोंड उतरलं. तेव्हापासून त्या माझ्याशी तुटक बोलायच्या.

आज वैशाखात परत दुकानात गेले. रोज हटताना बघितलेलं पाणी आता तिथून दिसेनासं झालं होतं. दुकानापुढं भेगाळलेला गाळ, त्यापुढं मच्छिंद्रच्या कलिंगडांचा हिरवा पट्टा, आणि पार लांब, मारुतीच्या देवळाच्या आणि दीपमाळेच्या पल्याड, सुरीच्या पात्यासारखं काहीतरी चमकत होतं.

"या काकी," गोरक्षची बायको रेश्मा म्हणाली. "बसा. जागाच जागा हाय."

छबूबाई चुलीशी बसल्या होत्या. "बस गं. आमच्या समिंदराची हवा खा. धूळ लई ग्वाड लागती."

तेवढ्यात एक गाडी थांबली. रेश्मानं लगबगीनं पदर सारखा केला, पातेलं चढवलं. काच खाली करून आतला माणूस म्हणाला, "अहो, समुद्र कुठाय?"

"त्यो काय, समोर," गोरक्ष म्हणाला. "पाच मिन्टं बसा, च्या घ्या."

"म्हणजे त्या मंदिरापाशीच पाणी आहे का? गाडी जाते तिथपर्यंत?"

"जाती," गोरक्षनं खरं ते सांगितलं. गाडी धुरळा उडवत गाळात उतरली. मागच्या सीटवर थर्मास दिसला. रेश्मानं पातेलं उतरवून ठेवलं.

"बघितलंस?" छबूबाई म्हणाल्या. "घरनं च्या घिऊन येत्यात आनि आमाला रस्ता इचारत्यात. पाटीवर आता पोष्ट हापीस लिव्ह रं गोरक्षा."

गोरक्षनं पाटीकडं बघितलं.

"उद्या पत्रं उतरवतो, काकी," गोरक्ष म्हणाला. "केडगावला गोडाऊनात काम हाय. मी आनि रेश्मा जातो."

"आणि बाई?" मी छबूबाईंकडं बघत विचारलं.

"मला कोन नेतंय," छबूबाई म्हणाल्या. "तिथं एका खोलीत दोन कुटुंबं ऱ्हात्यात. मी हितंच. म्हस हाय की बोलाया."

रेश्मा माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "काकी, तुमी रोज काठाला हात जोडता. देवाला एक डाव सांगा की. म्होरल्या साली तरी पानी हितं ऱ्हाऊ दे म्हनावं. मंग आमी माघारी येऊ."

मला खोटं बोलता येईना. "रेश्मा, मी आठ वर्षं उलटंच मागत आलेय. पाणी जाऊ दे म्हणून. दिव्यापायी."

गोरक्षनं मान फिरवली. छबूबाईंनी चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं केलं. आता शिव्या बसतील म्हणून मी खाली बघत होते.

"आगं येडे," त्या म्हणाल्या. "तुझ्या म्हनन्यानं पानी गेलं आसतं, तर आमच्या म्हनन्यानं ऱ्हायलं नसतं का? आमी काय कमी हात जोडले?"

त्या समजूत घालत होत्या. मला मात्र शिव्या परवडल्या असत्या.

"पायथा कोरडा झालाय," छबूबाई पुढं म्हणाल्या. "काल मच्छिंद्र बघून आला. वात आनलीस?"

मी ओटीतली वात आणि पणती दाखवली. तेल घरून भरायचं गडबडीत राहिलं होतं. रेश्मा उठली. फळीखालचा भज्यांच्या तेलाचा डबा ओढून तिनं झाकण उचकटलं. पाडव्याला आणलेला, अजून फोडलेलासुद्धा नव्हता.

"कडईला लागलं न्हाई हे," ती म्हणाली. "देवाला चालंल." तिनं एक रिकामी बाटली गळ्यापर्यंत भरून दिली.

"दिवा लावून आलीस की हितं च्या घे," छबूबाई म्हणाल्या. "पाडव्याला न्हाई घेतलास. आता शेवटचा तरी आमचा घे. चूल इझवीत न्हाई तवर."

"साखर किती लागती काकी तुमाला?" रेश्मानं विचारलं.

मी आठवून पाहिलं. आठवेना.

"तू घालशील तेवढी," म्हणाले, चपला दुकानातच ठेवल्या, आणि बाटली पदराखाली धरून गाळात उतरले.