बाराशे किलो

गाडीला जोडायची कॅरॅव्हॅन-घरं विकणाऱ्या जॅसिंटाने गिऱ्हाइकांच्या गाडीच्या मागे गुडघे टेकले आणि ओढायच्या लोखंडी दांड्यावरचा वाळलेला चिखल अंगठ्याने खरवडला. खालून बोटाएवढी पत्र्याची पट्टी निघाली. तिच्यावरचे आकडे तिने दोनदा वाचले.

"लिंडल, गाडीचं पुस्तक आहे का आत?"

लिंडलने पुढच्या खणातून पुस्तक काढून दिलं. तिचा नवरा वॉरिक समोरच्या बेकरीत कॉफी आणि सॉसेज रोल आणायला गेला होता. बाहेर थंडी होती. कुंपणापलीकडच्या तारेवर बसलेले पोपट एकमेकांवर खेकसत होते. ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्यूरात जुलैमध्ये अशी थंडी पडते, आणि ज्यांना जमतं ते सगळे कॅरॅव्हॅन जोडून उत्तरेकडच्या उन्हात निघून जातात.

ही त्यांनी पाहिलेली अकरावी कॅरॅव्हॅन. आत एक पलंग, गॅसची शेगडी, मागच्या बाजूला कपाटाएवढं न्हाणीघर. मघाशी लिंडल त्या पलंगावर बूट काढून आडवी झाली होती आणि मिनिटभर छताकडे बघत राहिली होती. वॉरिकने दारातूनच आपली वजनांची वही उघडली होती.

"सामानासकट तेवीसशे वीस किलो. आपली गाडी बाराशे ओढते. हे काही जमायचं नाही, लिंड."

आधीच्या दहांच्या बाबतीतही हेच झालं होतं. बाराशेच्या आत बसणाऱ्या ज्या दोन सापडल्या, त्यांत शौचालय नव्हतं, आणि ते वॉरिकनेच आधी दाखवून दिलं होतं. वर्षभर देश फिरायचा म्हणून लिंडलने वेळेच्या दोन वर्षं आधी निवृत्ती घेतली होती. पहिला हिवाळा नव्या गाडीची वाट बघण्यात गेला. दुसरा या वहीत गेला. आता तिसरा अर्धा संपला होता.

"हे बघा," जॅसिंटा पुस्तक बॉनेटवर पसरून म्हणाली. "अठ्ठावीसशे. तुमची गाडी अठ्ठावीसशे ओढते. बाराशे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"वहीत आहे."

"वहीत या पट्टीचा आकडा असणार. बाराशे गाडीचे नाहीत, दांड्याचे आहेत. गाडी कितीही ताकदीची असली तरी सगळ्यांत कच्चा भाग जेवढं पेलेल, तेवढंच ओढायचं. कुणीतरी एवढ्या मोठ्या गाडीला खेळण्यातला दांडा बसवलाय." ती हसली. "कुठल्या गाढवाचं काम हे?"

"कॉलिनचं. नदीपलीकडचा गॅरेजवाला."

"कॉलिन? तो असं करणारा नाही हो. थांबा, विचारते. चूक त्याची असेल तर फुकटात बदलून देईल म्हातारा."

तिने फोन बॉनेटवर ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडे ग्राइंडर चालू होता. तो बंद होईपर्यंत दोघी थांबल्या.

"कॉलिन, करड्या गाडीला तू बाराशेचा दांडा लावलास? डोळे तपासून घे बाबा."

"कुठली? वॉरिकची?" म्हातारा खोकला. "अगं पोरी, मोठा दांडा हातात घेऊन उभा होतो मी. किमतीत फार फरक नाही, म्हटलं पुढेमागे कॅरॅव्हॅन घ्याल. तर म्हणे, नको, लहानच लाव. मी दोनदा विचारलं. म्हणाला, लाव रे, बायकोला यातलं काही कळत नाही."

जॅसिंटाने झटकन आवाज कमी केला आणि फोन कानाला लावला. "बरं बरं," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून काही पावलं लांब गेली.

लिंडल बॉनेटवरचं पुस्तक बघत राहिली. एकतीस वर्षं तिने इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासले होते. आकडा वेगळा वाटला की ती नमुना पुन्हा यंत्रात घालायची. डॉक्टर दारात उभे राहून घाई करत असले तरी. नवऱ्याची वही तिने एकदाही उघडून पाहिली नव्हती. तिने अठ्ठावीसशेच्या आकड्याखालून नख ओढलं, मग पान नीट सपाट केलं.

जॅसिंटा परत आली. "मी नंतर येऊ का?"

"नको. कॉलिन मोठा दांडा कधी बसवेल?"

"गुरुवारी. गाडी सकाळी सोडायची."

"चालेल म्हणून सांग."

वॉरिक रस्ता ओलांडून आला. हातात पुठ्ठ्याचा ट्रे, काखेत कागदी पिशवी. उघडं पुस्तक दिसलं तसा तो थोडा हळू झाला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सॉससाठी वेगळे पैसे घेतले बघ त्यांनी. लुटायला बसलेत."

"वॉरिक, गुरुवारी दांडा बदलायचाय," लिंडल म्हणाली.

त्याने ट्रे बॉनेटवर ठेवला. तो तिरका राहिला म्हणून सरळ केला. "कॉलिनशी बोललीस?"

"ही बोलली. मी ऐकलं."

जॅसिंटाने खिशातून मोजपट्टी काढली आणि कॅरॅव्हॅनच्या पलीकडच्या बाजूला जाऊन काहीतरी मोजू लागली.

"मला वाटलं," वॉरिक म्हणाला, "एखादा हिवाळा गेला की तुझं तूच हे खूळ सोडशील."

"दोन गेले."

"तोंडावर नाही म्हणायचा धीर होत नव्हता गं."

"अकरा वेळा म्हणालास की."

त्याने कॉफीचं झाकण उघडलं, पुन्हा बसवलं. "घर, बाग, माझे शनिवारचे हिरवळीवरचे बोल्सचे सामने. हे सगळं टाकून एका डब्यात झोपायचं, रोज सांडपाणी ओतायचं. कशासाठी?"

"हे पहिल्याच दिवशी विचारायचं होतंस," लिंडल म्हणाली. "मी नोकरी सोडायच्या आधी."

सॉसेज रोलच्या पिशवीवर तेलाचा डाग पसरत होता.

"जॅसिंटा," लिंडलने हाक मारली, "वजनांचा कागद करायचा का?"

ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत हीटर लावलेला होता. जॅसिंटाने कागदावर एकाखाली एक आकडे मांडले. गाडी, टाकीभर डिझेल आणि अवजारांसकट, चोवीसशे ऐंशी. कॅरॅव्हॅन, पाणी आणि सामान भरून, तेवीसशे वीस. सगळं जोडून पाच हजारांच्या वर जाता कामा नये.

"आता माणसं. खरीखुरी वजनं सांगा हं, इथे सगळेच पाच किलो चोरतात."

लिंडलने पेन घेऊन स्वतःच्या नावापुढे चौसष्ट लिहिलं. मग कागद वॉरिकसमोर सरकवला.

"तुझं तू लिही."

वॉरिकने पेन उचललं. हमरस्त्यावरून संत्र्यांचा ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली. त्याने पेनाचं टोक रकान्यात टेकवलं. कागदावर एक बारीक ठिपका उमटला.

"नव्वद धरू का अंदाजे?" जॅसिंटाने विचारलं.

"अख्खं वर्ष, लिंड?" तो म्हणाला.

लिंडल त्याच्या हाताकडे बघत होती. घाई करत नव्हती. हीटर आपोआप बंद झाला, थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. वॉरिकने पेनाला टोपण लावलं आणि ते कागदाच्या कडेला समांतर ठेवलं.

तिने कागद आपल्याकडे ओढून घेतला. त्याने तो अडवला नाही.

जॅसिंटाने एकदा दोघांकडे पाहिलं आणि मान खाली घालून फक्त चौसष्ट धरून बेरीज केली. "मग... एकशे छत्तीस किलो शिल्लक राहतात."

"पाण्याची आणखी एक टाकी बसेल ना त्यात?" लिंडलने विचारलं. "नव्वद लिटरची?"